चलान नाही ताई, समन्स आहे ते

या वेळचं पत्र नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका आईचं आहे. थोडं कापून देतो, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"वकीलसाहेब नमस्कार. मुलगा दोन वर्षांपासून अमेरिकेत व्हर्जिनियात एमएस करून राहिला. मागच्या महिन्यात मित्रांसोबत हायवेनी जाताना पोलिसांनी थांबवलं, ७० च्या रोडवर ८७ नी चालवत होता म्हणे. आम्हाला त्यानी सांगितलंच नाही, रूममेटच्या आईनी भिशीत सांगितलं तेव्हा कळलं. खोदून विचारलं तर म्हणे कागदावर रेकलेस ड्रायव्हिंग लिहिलंय अन् कोर्टाची तारीख आहे, पण मित्र म्हणतात ऑनलाइन भरता येते. ह्यांचं म्हणणं, चलान आहे, किती डॉलर लागतात सांग, भरून टाक अन् मोकळा हो, मला समृद्धीवर तीनदा आलं, काय झालं? मला मात्र झोप नाही. जेल होते का याच्यात? व्हिसाचं काही होईल का? इथून आम्ही काय करू शकतो?"

ताई, अर्जंट आहे ते आधी सांगतो. पोराला सांगा की कोणी कितीही लिंका पाठवल्या तरी काहीच भरायचं नाही अन् काहीच कबूल करायचं नाही, वकिलाशी बोलेपर्यंत. त्याच्या हातात आहे ते चलान नाही, समन्स आहे. तिथली पोरं सरसकट तिकीट म्हणतात अन् त्या शब्दानीच अर्धा घोटाळा करून ठेवलाय, तिकीट म्हटलं की वाटतं पैसे दिले, विषय संपला. साध्या स्पीडिंगमध्ये तिथेही आधीच पैसे भरून तारीख टाळता येते, पण तसं भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असतं, रेकॉर्डवर दोषी म्हणूनच चढतं, हे पोरांना माहीत नसते. रेकलेसला तर ती सोय पण नाही, तिथे कोर्टातच जावं लागते. त्यामुळे मित्र जे सांगून राहिले ते दुसऱ्याच कोणत्या तरी तिकिटाचं सांगून राहिले.

आता ८७ चं गणित बघा, कारण सगळी गंमत (गंमत कसली) तिथेच आहे. हे आकडे मैलात आहेत. ७० मैल म्हणजे साधारण ११३ किलोमीटर अन् ८७ मैल म्हणजे बरोब्बर १४०. तुमच्या पोराला वाटत असेल की मी १७ नीच जास्त होतो, सगळेच तेवढं चालवतात, अन् खरंच चालवतात. पण व्हर्जिनियाच्या कायद्यात दोन वेगवेगळे सापळे आहेत. बोर्डावरच्या लिमिटपेक्षा २० मैल किंवा जास्त गेले की रेकलेस, हा एक. अन् बोर्ड काहीही असो, ८५ च्या वर गेले की रेकलेस, हा दुसरा. पहिल्यातून तुमचा पोरगा वाचला, दुसऱ्यात दोन मैलांनी अडकला. हा आकडा आधी ८० होता, १ जुलै २०२० पासून ८५ केला. कागदावर कलमाचा नंबर असेल, ४६.२-८६२ असं लिहिलं असेल तर हेच ते, त्याला फोटो पाठवायला सांगा अन् मागच्या बाजूचा पण.

आणि रेकलेस ड्रायव्हिंग हा तिथे ट्रॅफिकचा नियम मोडणं नाही, फौजदारी गुन्हा आहे, क्लास वन मिसडिमीनर म्हणतात. फेलनी म्हणजे मोठा फौजदारी गुन्हा, त्याच्या खालचा, पण मिसडिमीनर म्हणजे छोट्या गुन्ह्यांमध्ये सगळ्यात वरचा. जास्तीत जास्त १२ महिने जेल, २,५०० डॉलरपर्यंत दंड, दोन्ही पण होऊ शकते, वरून सहा महिन्यांपर्यंत लायसन्स सस्पेंड करायचा अधिकार कोर्टाला. डीएमव्ही, म्हणजे तिथलं आरटीओ म्हणा, सहा डिमेरिट पॉइंट लावते अन् ती नोंद ड्रायव्हिंग रेकॉर्डवर ११ वर्षं राहते. अकरा वर्षं, ताई. तोपर्यंत त्याची पोरं शाळेत जातील.

थांबा, घाबरू नका, हे कायद्याचं वरचं टोक सांगितलं. पहिलीच वेळ, ८७ चा स्पीड, ॲक्सिडेंट नाही, दारू नाही, पोलिसाशी वाद नाही, अशा पोराला सहसा आत टाकत नाहीत. जेलची भाषा सुरू होते ती बहुतेक शंभर मैलाच्या आसपास अन् पुढे, अन् तेही कोणतं कोर्ट, कोण जज यावर. पण 'सहसा नाही' हे ऐकून तुमच्या मिस्टरांसारखं सोफ्यावर टेकून बसायचं नाही, कारण जेल नाही झाली तरी कन्व्हिक्शन (दोषी ठरला) हा शब्द नावापुढे लागला तर तोच पुढे नडतो.

भाऊंच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, मुद्द्यावर येतो, ते माझ्यावर चिडतील तर चिडू द्या. समृद्धी मी पण वापरतो अन् चलान मला पण आलंय, १२८ नी. शिवमडक्याहून चढलो होतो, सौ. बाजूला झोपली होती, रोड असा की गाडी पाण्यावरून चालल्यासारखी वाटते, अन् चार दिवसांनी मोबाईलवर मेसेज. घरी दोन दिवस तोच विषय. तो रोड डिझाइन केलाय १५० च्या स्पीडसाठी, पण कारला परवानगी १२० चीच आहे, हा फरक आपल्या लोकांच्या डोक्यात जातच नाही. डिझाइन स्पीड म्हणजे रोडचं वळण अन् चढउतार किती सोसतील ते, तुमच्या टायरनी किती सोसावं ते नाही. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात त्या काँक्रीटवर घासलेले टायर घेऊन लोक जातात ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

भाऊ लिहितात (म्हणजे तुम्हीच लिहिलं त्यांच्या वतीनी) की तीनदा आलं, काय झालं. झालं काही नाही हे खरंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर कारला एक ते दोन हजार अन् जड गाडीला दोन ते चार हजार दंड आहे. ही दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली, पण आपल्या राज्यानी वाढीव दंड थांबवून धरले होते, ते २०२१ च्या डिसेंबरपासून लावले. तेव्हापासून कारवाल्याला मेसेज येतो दोन हजाराचा. म्हणजे समृद्धीवर १४० नी गेलं तर दोन हजार रुपये, अन् अगदी तोच १४० व्हर्जिनियात म्हणजे ८७ मैल, तिथे फौजदारी केस. बाप अन् पोरगा एकाच स्पीडनी गेले ताई, फक्त रोड वेगळे होते.

अन् भाऊंना हे पण वाचून दाखवा की त्याच कलम १८३ मध्ये दुसऱ्यांदा किंवा नंतर सापडलं की लायसन्स जप्त करायची तरतूद आहे. आपल्याकडे कॅमेरा गाडी ओळखतो, चालवणारा ओळखत नाही, म्हणून ती फारशी वापरली जाताना दिसत नाही, पण आहे. सुप्रीम कोर्टाच्या रोड सेफ्टी कमिटीनी तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की ओव्हरस्पीडला कमीत कमी तीन महिने लायसन्स सस्पेंड करा. तीन पेंडिंग चलान घेऊन फिरणाऱ्यानी पोराला सल्ला देऊ नये एवढंच माझं म्हणणं.

तिथल्या मित्रांच्या सल्ल्याचं आता. अमेरिकेत ट्रॅफिकचा कायदा राज्याचा असतो, केंद्राचा नाही. आपल्याकडे उलटं आहे, आपल्याकडे कलम ११२ खाली वरची मर्यादा केंद्र ठरवते (२०१८ च्या अधिसूचनेत कारला एक्सप्रेसवेवर १२०, मधे दुभाजक असलेल्या चौपदरीवर १००, गावात ७०) अन् राज्याला किंवा इथल्या अधिकाऱ्यांना त्याच्यापेक्षा कमी करता येते, बोर्ड लावून. म्हणून वर्धा रोडवर अन् कामठी रोडवर ७० चा हिशोब सांगू नका, जिथे जो बोर्ड आहे तोच खरा.

अमेरिकेत एकदा केंद्रानी हात घालून बघितला होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये सगळ्या देशाला ५५ मैल, पेट्रोल वाचवायला. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की १९८७ मध्ये गावाबाहेरच्या मोठ्या हायवेला ६५ करू दिलं अन् १९९५ मध्ये तो कायदाच काढून टाकला, राज्यांनो तुमचं तुम्ही बघा म्हणून. मग एकेकाची तऱ्हा सुरू झाली. टेक्सासनी ऑस्टिन ते सॅन अँटोनिओच्या बाजूला एका टोल रोडवर ८५ ठेवलंय, देशात सगळ्यात जास्त. हवाईत ६० च्या वर बोर्डच नाही. अन् मोंटाना राज्यानी तर कमालच केली, दिवसा आकडाच नाही, 'वाजवी अन् शहाणपणाच्या' वेगानी चालवा असं लिहून ठेवलं. आता शहाणपणाचा वेग किती हे पोलीस ठरवणार की चालवणारा? एक माणूस ८५ नी जाताना पकडला गेला, तो वरच्या कोर्टात गेला, १९९८ च्या शेवटी कोर्ट म्हणालं की हा नियम इतका गुळमुळीत आहे की माणसाला गुन्हा कधी होतो हेच कळत नाही, रद्द. १९९९ मध्ये त्यांनी गुपचूप ७५ चा बोर्ड लावला. आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये हा किस्सा मी चहासोबत दहा वेळा सांगितला असेल, दरवेळी कोणीतरी म्हणते नागपुरात शहाणपणाचा वेग लावून बघा बावा.

हे पुराण यासाठी लावलं की टेक्सासवाल्या मित्राचा अनुभव व्हर्जिनियात कवडीच्या कामाचा नाही. टेक्सासच्या त्या रोडवर पोरगा ८७ नी गेला असता तर लिमिटपेक्षा फक्त दोन जास्त. जॉर्जियात ८५ च्या वर सापडला असता तर नेहमीच्या दंडावर राज्याचे आणखी २०० डॉलर, सुपर स्पीडर असं त्याचं नावच आहे. इलिनॉयमध्ये लिमिटपेक्षा २६ मैल वर गेल्यावर फौजदारी गुन्हा होतो, म्हणजे तिथे १७ वाला वाचला असता. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलला, जसं आपण नागपूरहून निघून खवासा ओलांडला की एमपीची पाटी येते तसं, फक्त आपल्याकडे पाटी बदलते, कायदा नाही. आणि कोणी म्हणेल की दुसऱ्या राज्यात जाऊन राहिला तर सुटेल, तर तसं नाही, बहुतेक राज्यांनी आपसात करार करून ठेवलेत, नोंद मागे मागे येते.

एक बारीक गोष्ट. व्हर्जिनियात पण कॅमेऱ्याचा स्पीड दंड असतो, शाळेजवळ अन् रोडचं काम चालू असते तिथे. दहा मैल किंवा जास्त वर गेलात की गाडीच्या मालकाला १०० डॉलरपर्यंतचा दंड घरी येतो, पॉइंट नाही, रेकॉर्ड नाही. ते आपल्या चलानसारखं आहे, ते भरा अन् मोकळे व्हा. मित्रांपैकी कोणाला हे आलं असेल अन् तो तेच ज्ञान वाटत असेल. तुमच्या पोराला माणसानी थांबवलं, हातात कागद दिला, सही घेतली. (सही केली म्हणून गुन्हा कबूल केला असं होत नाही, त्याचा अर्थ एवढाच की तारखेला येईन. ते टेन्शन असेल तर काढून टाका.)

आता करायचं काय.

वकील लावायचा, अन् ज्या काउंटीचं (तिथला जिल्हा म्हणा) कोर्ट कागदावर आहे त्याच काउंटीत रोज उभा राहणारा लावायचा. मी इथे जिल्हा कोर्टात मोटार ॲक्सिडेंटचे दावे चालवतो, तिथला वकील नाही, म्हणून मी जे सांगून राहिलो ते समज यावी म्हणून, केस लढायला तिथलाच माणूस पाहिजे. लोकल का, तर इथे सिव्हिल लाइन्समध्ये ज्याला कोणता जज कशाला महत्त्व देतो हे माहीत असते त्याचं काम जसं वेगळं होते, तसंच तिथेही आहे. युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ल्याचं ऑफिस असू शकते, त्यानी आधी तिथे विचारावं. बऱ्याच वकिलांचा पहिला फोन फुकट असतो, दोन-तीन जणांशी बोलावं.

वकील बहुतेक काय बघेल तर केस खाली आणता येते का. रेकलेसचं साधं स्पीडिंग होऊ शकते, किंवा इंप्रॉपर ड्रायव्हिंग होऊ शकते, त्याला जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड अन् तो फौजदारी गुन्हा राहत नाही, इन्फ्रॅक्शन, म्हणजे नुसता नियमभंग, होतो. ताई, सगळी लढाई या एका शब्दासाठी आहे, दंडासाठी नाही. दंड ५० डॉलरनी कमी झाला का वाढला, भाऊ जे विचारून राहिले, ते बिलकुल महत्त्वाचं नाही.

त्यासाठी तयारी लागते अन् ती पोरानीच करायची. गाडी सेकंडहँड असेल (विद्यार्थ्यांची असतेच) तर स्पीडोमीटरची तपासणी करून घ्यावी, तिथे गॅरेजवाले तसं सर्टिफिकेट देतात अन् तिथली कोर्टं ते बघतात. टायर वेगळ्या साइजचे बसवले असतील तर काटा खरंच चार-पाच मैल कमी दाखवू शकतो, अन् ८७ मधून दोन मैल जरी काट्याच्या नावावर गेले तर बघा केस कुठे येते. काटा बरोबर निघाला तर ते सर्टिफिकेट दाखवायचं की नाही ते वकील ठरवेल, म्हणून आधी वकील मग गॅरेज. डीएमव्हीतून स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढून ठेवावं, कोरं असेल तर तेच मोठं सर्टिफिकेट. आठ तासांचा ड्रायव्हर इंप्रूव्हमेंट क्लिनिक नावाचा क्लास असतो, कोर्टानी सांगायच्या आधी स्वतःहून करून गेलेला पोरगा जजला वेगळा दिसतो, पण हा पण वकिलाला विचारून, ऑनलाइन चालते का बसून करावा लागते ते कोर्टागणिक वेगळं असते.

तारखेला जायचंच. त्या दिवशी पेपर असेल किंवा दिवाळीला यायचं तिकीट काढलं असेल तर वकील आधी अर्ज करून पुढची तारीख मागू शकतो, पण न सांगता गैरहजर राहिला तर वरून वेगळा गुन्हा. अन् निकाल विरुद्ध गेला तरी दहा दिवसांत सर्किट कोर्टात अपील करता येते, तिथे केस पहिल्यापासून नव्यानी चालते, हे फार लोकांना माहीत नसते.

व्हिसाचं नीट ऐका, कारण इथे लोक काहीही सांगतात. व्हर्जिनियातलं एक स्पीडिंग झालं म्हणून एफ-वनवाल्या (विद्यार्थी व्हिसावाल्या) पोराला कोणी विमानात बसवून देत नाही. पण व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर अटक किंवा कन्व्हिक्शन झालं का असा प्रश्न असतो, अन् रेकलेस हा गुन्हा असल्यामुळे तिथे उत्तर 'हो' द्यावं लागू शकते. लपवलं तर स्पीडिंगपेक्षा खोटं बोलणं महाग पडते. आणि वातावरण पण पहिल्यासारखं नाही, २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (तिथल्या सरकारकडची विद्यार्थ्यांची नोंद) अचानक बंद केल्या होत्या, त्यात किरकोळ ट्रॅफिकच्या केसवाले पण होते, लोक कोर्टात गेले अन् महिन्याच्या शेवटी नोंदी परत सुरू करायला लागल्या. परत सुरू झाल्या, पण त्या पोरांचा तो महिना कसा गेला असेल. म्हणून ट्रॅफिकच्या वकिलाला पहिल्याच फोनवर सांगायचं की मी एफ-वनवर आहे, म्हणजे तो तडजोड करताना इमिग्रेशनवाल्या वकिलाला विचारून करेल. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसशी पण बोलावं, कधी अन् किती ते वकिलाला विचारून. अन् केस संपेपर्यंत व्हिसा स्टॅम्पिंगसाठी भारतात यायचा प्लॅन असेल तर तो आधी तपासून घ्या.

तुम्ही इथून काय करू शकता? पैसे, वकिलाचे, दंडाचे नाही. अन् इन्शुरन्सचा हप्ता काही वर्षं वाढेल त्याची तयारी. ओळख काढू नका. भाऊंचा कोणी मित्र न्यू जर्सीत असतो अन् त्याची पोलिसात ओळख आहे, असं काही निघणारच, मी २६ वर्षं या शहरात वकिली करून राहिलो, निघतेच. तिथे पोलिसाला किंवा कोर्टातल्या कोणाला 'काही बघून घ्या' म्हटलं की साधी केस राहत नाही, लाचेचा गुन्हा होऊ शकतो अन् तो फेलनी असतो.

पोराला एक गोष्ट पाठ करवा, पुढच्या वेळेसाठी (देव करो न येवो). आपल्याकडे पोलिसानी शिटी मारली की आपण गाडी साइडला घेतो, उतरतो, कागद घेऊन साहेबाकडे चालत जातो, त्याला आपण इज्जत देणं म्हणतो. तिथे असं कधीच करायचं नाही. गाडीतच बसून राहायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे, काच खाली, अन् डॅशबोर्डच्या कप्प्यातून किंवा खिशातून काही काढायचं तर सांगून काढायचं. किती नी चालवत होता विचारलं तर सगळा हिशोब देत बसायचं नाही, नम्रपणे बोलायचं अन् कागद द्यायचे. अन् मित्र रडार डिटेक्टर घे म्हणतील, तर व्हर्जिनियात तो वापरणंच बेकायदेशीर आहे.

तो लपवत होता याचा फार राग धरू नका. घरी बाप तीन चलान दाखवून मिरवतो तिथे पोरगा कोर्टाचा कागद कसा दाखवेल, त्याला वाटलं असेल एकतर बाबा हसतील नाहीतर आई रडेल म्हणून.

भाऊंसाठी, माझी बायको मला जे सांगते ते. १२० नी चाललेली अन् १४० नी चाललेली कार बाजूबाजूला धरा, समोर एकदम आडवा ट्रक दिसला, दोघांनी दीड सेकंदानी कडक ब्रेक मारला, रोड कोरडा, टायर चांगले. १२० वाली साधारण १३० मीटरवर थांबते. त्याच जागी १४० वाली अजून ८० च्या स्पीडनी चाललेली असते. वीस किलोमीटरच जास्त होते ना? १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेल्या बसमध्ये २५ माणसं गेली, ते सकाळी बातम्यांत बघितलं त्या दिवसापासून ती गाडीत मागे बसली तरी पट्टा लावते अन् माझ्या काट्याकडे बघत राहते.

त्यांचे तीन चलान महाट्रॅफिकच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून बघायला सांगा. फोटोत गाडी नीट दिसते का, स्पीड अन् जागा लिहिली आहे का, नोटीस पंधरा दिवसांत आली का, हे केंद्राच्या नियम १६७ए मध्ये आहे अन् चुकीचं असेल तर तिथेच तक्रार टाकता येते. बरोबर असेल तर भरा. पण व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान नावाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी) आली तर हात लावू नका, ती उघडली की बँक खाली होते, त्रिमूर्तीनगरात काय अन् कुठे काय.

अन् ताई, सगळं लिहिलं तुम्ही, कोर्टाची तारीख कोणती ते लिहिलंच नाही. आज रात्री जेवण झाल्यावर फोन लावा, तिथे सकाळ असते. तारीख विचारा, काउंटी विचारा, कागदाचा फोटो मागा. बोलून होईपर्यंत फोन भाऊंच्या हातात देऊ नका.